पिवळं हॉटेल, निळं हॉटेल

आमच्या घरमालकांनी आम्हांला जागा भाड्यानं दिली, त्याआधी आमचा नमुना घेतला.

दोन हजार सालाच्या थोडं अलीकडची-पलीकडची गोष्ट. माझ्या नवऱ्याची मुंबईला बदली झाली होती, मला सातिवलीत पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी मिळाली होती, आणि आम्ही गडहिंग्लजकडची दोघं जागेसाठी वसईभर वणवण करत होतो. निर्मळला एका केळीच्या वाडीत मागच्या अंगाला दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं. जाऊन पाहिल्या. खोल्यांपुढं ओटा, ओट्यापुढं विहीर आणि विहिरीपुढं केळीच केळी. भाडं विचारलं, तर मालक म्हणाले, “भाड्याचं मागून बघू. आधी चार दिवस राहा. नमुना बघायला नको?” किती मोठ्या मनाचा माणूस, असं माझा नवरा रिक्षात बसल्यावर म्हणालासुद्धा. आम्हांला वाटलं, घराचा नमुना आम्ही बघायचा आहे.

तसं नव्हतं. चार दिवस हा उंच, काटकुळा माणूस कमरेला पंचा लावून, हातात कोयता घेऊन, केळींमधून आमच्याकडं बघत होता. आम्ही विहिरीवर पाणी कसं काढतो, खोलीतून बाहेर पडताना दिवा घालवतो का, दार आपटतो की ओढून घेतो, सगळं पाहून झालं. फक्त आम्ही भांडत नव्हतो, आणि भांडणाचा आवाज किती लांब जातो हे कळल्याशिवाय त्यांचं काम अडलं होतं. शेवटी ते ओट्यावर येऊन बसले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, “तुमच्याकडं तांबडा रस्सा करतात म्हणे. कोण चांगला करते, तुझी आई की हिची?” एवढं विचारून ते निघून गेले. आम्ही यथास्थित भांडलो. केळीच्या पानाआड पंच्याचं टोक मला अर्ध्या भांडणात दिसलं आणि मी एकदम गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी निकाल मिळाला. “बायकोचा आवाज खणखणीत हाय, पण लवकर थांबते. नवरा चप्पल फरफटवतो. बाकी माल ठीक.”

तेव्हापासून ते आमचे काका झाले आणि त्यांची बायको आमच्या काकू.

काकांचा हा स्वभाव धंद्यातून आलेला होता. केळीचा व्यापारी वाडीत आला की काका त्याच्यासमोर घड ठेवत, आणि तो वरची फणी बघायला लागला की त्याच्यावरच खेकसत. “अरे, वरची फणी दाखवायला असते. मधली बघ!” घड म्हणजे त्यांच्या लेखी सगळं जग होतं. वरचं दाखवायला, खालचं झाकायला आणि खरं काय ते मध्ये. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं. ते नख ते केळ्यात रुतवून बघत, साबणात रुतवून बघत, फर्निचरच्या दुकानातल्या टेबलातही. वसईतल्या निम्म्या दुकानदारांना ते नख ओळखीचं होतं आणि ते दिसलं की मालावरचं कापड जरा पुढं ओढलं जाई.

गादी घ्यायला ते एकदा बाजारात गेले. दुकानात चळत लावलेली होती. त्यांनी मधली गादी ओढून काढायला लावली, ती जमिनीवर पसरली आणि तिच्यावर आडवे झाले. दुकानदाराला वाटलं, घटकाभर पडतील. काका घोरायला लागले. त्यांना उठवायचा धीर कुणाला होईना. पण येणारी-जाणारी गिऱ्हाईकं त्या सुखी घोरण्याकडं बघून आत शिरली आणि त्या दुपारी दुकानातल्या बऱ्याच गाद्या खपल्या. काकांनी मात्र घेतली नाही. झोप जरा जास्तच लागली, म्हणाले, वाडीवर नजर राहणार नाही.

जावयाचाही नमुना त्यांनी सोडला नव्हता. मुलगा बंगलोरला कॉम्प्युटर कंपनीत होता, मूळचा इकडचाच. गावच्या एका लग्नात काकांनी त्याला पंगतीच्या बरोब्बर मध्ये बसवला. दोन्ही टोकांनी सुरुवात करणारे वाढपी तिथं सगळ्यांत शेवटी पोचतात. मुलगा कोऱ्या पानासमोर शांत बसून राहिला, आणि भात आल्यावर आधी शेजारच्या म्हाताऱ्याला वाढायला लावला. त्याच संध्याकाळी काकांनी होकार कळवला. लेक लग्न करून बंगलोरला गेली, तिथंच तिलाही नोकरी लागली. पहिल्या दिवाळीला आली तेवढीच, मग रजा मिळेना.

आता खरी अडचण सांगते. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही, हा आपल्याकडं बऱ्याच घरांत पाळला जाणारा जुना रिवाज. काकांच्या घरात तो फार कडक. जिथं पाणी प्यायचं नाही, तिथं मुक्काम कुठला करणार? त्यामुळं लग्नाला दोन वर्षं होत आली तरी काकूंनी लेकीचं घर बघितलं नव्हतं. त्यांना जगात दुसरं काही नको होतं. लेकीच्या स्वयंपाकघरात डबे कुठं ठेवलेत, खिडकीतून ऊन येतं का, तिच्या डोक्याला तेल लावायला कुणी आहे का, एवढं त्यांना आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. माझ्याकडं ओट्यावर बसून त्या रोज एखादी भाजी निवडायच्या आणि भाजी संपेपर्यंत लेकीच्या घराची रचना अंदाजानं सांगत राहायच्या.

“मग हॉटेलात उतरा ना,” मी एकदा सहज बोलून गेले. आमच्या कारखान्याचे साहेब बंगलोरला नेहमी एका हॉटेलात उतरत. “साखळी हॉटेल असतं. एकाच कंपनीची सगळ्या मोठ्या शहरांत हॉटेलं. कुठल्याही गावात जा, तीच खोली, तोच पलंग, तोच नाश्ता.”

काका केळीला आळं करत होते. हातातलं फावडं त्यांनी खाली ठेवलं. “सगळीकडं तीच खोली?”

“तीच.”

“मुंबईत पण हाय?”

“आहे की. विमानतळाजवळ.”

“म्हणजे इथली बघितली की तिथली बघितल्यासारखीच!” काकांचा चेहरा असा उजळला की मला तिथंच धोक्याची जाणीव व्हायला हवी होती.

मी ऑफिसातून अशा दोन कंपन्यांची माहितीपत्रकं आणून दिली. एकाचा कागद पिवळा, दुसऱ्याचा निळा. इंग्रजी नावं काकांच्या जिभेवर बसेनात, म्हणून एक पिवळं हॉटेल आणि एक निळं हॉटेल. काकूंनी त्याच दिवशी पिशवी भरायला घेतली. काका म्हणाले, “थांब. आधी नमुना.”

पिवळ्याचा नमुना घ्यायला आम्ही गेलो फुलांच्या टेम्पोतून. वाडीतला मोगरा आणि चाफा घेऊन तो पहाटे मुंबईला जायचाच, त्यात पुढं काका-काकू आणि मागं फुलांच्या टोपल्यांत मी. मी कशाला, तर इंग्रजी बोलायला. हॉटेलच्या दारातल्या टोपीवाल्यानं टेम्पो बघितला आणि हात करून मागच्या फाटकाकडं पाठवला. तिथं माल उतरवतात. आम्ही उतरलो, पुढं चालायला लागलो आणि थेट भटारखान्यात शिरलो. मी लाजेनं अर्धी झाले. काका खूश. “बरं झालं. पुढून गेलो असतो तर पुढचंच बघितलं असतं.” कढया, बेसिनं, कांद्याची पोती, सगळ्यांची पाहणी करत, दोन-तीन ठिकाणी नख रुतवत, आम्ही पुढच्या काउंटरवर आतून बाहेर असे पोचलो.

काउंटरवरच्या मुलीनं दुसऱ्या मजल्यावरची खोली दिली. काकांनी विचारलं, “मजले किती?” सात आहेत म्हणाली. “मग चवथ्यावरची दे. ओळीतली मधली.” मुलगी गोड हसून इंग्रजीत म्हणाली की आमच्या सगळ्या खोल्या अगदी सारख्या असतात. मी ते मराठीत सांगितलं. काका म्हणाले, “मग मधली द्यायला काय हरकत हाय?” तिनं चौथ्यावरच्या मधल्या खोलीची किल्ली काढून दिली.

मी त्याच दिवशी परतले, दोघं एक रात्र राहून परत आले. काकांचा अहवाल सविस्तर होता. पलंग मऊ, पण उठताना कमरेला शोधावं लागतं. खिडकी उघडतच नाही, नुसती बघायला. मोरीत बादली नाही, तांब्या नाही, वरून पाणी पडतं आणि माणसानं त्याच्याखाली उभं राहायचं. पण हे सगळं त्यांनी सोसलं असतं. घोळ झाला सकाळच्या नाश्त्याला. तिथं एका परडीत केळी होती. काकांनी एक उचललं, नख रुतवलं आणि ते केळं घेऊन ते मॅनेजर शोधायला निघाले. बाहेरून पिवळं, आतून कच्चं, औषध मारून पिकवलेलं केळं. मॅनेजर म्हणाला, सर, दुसरं काही घ्या, अंडं घ्या. काकांनी त्याला टेबलापाशी बसवून, पेंढ्यात घालून केळं कसं पिकवतात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. काकू तेवढ्यात दोन इडल्या खाऊन मोकळ्या झाल्या.

“जिथं केळं खोटं, तिथं माणूस कसा झोपेल?” काका मला म्हणाले. पिवळं बाद झालं नाही, पण मागं पडलं.

मग निळं. निळ्याची खिडकी वीतभर उघडत होती. मोरीत बादली होती, तांब्या होता, आणि बादलीचा कान शाबूत होता. केळं साधं पण खरं. काका आता होकार देणार, असं आम्ही धरून चाललो होतो. पण परत आले ते लाल डोळ्यांनी.

“काय झालं काका?”

“पलंगासमोर भिंतीवर चित्र हाय. समुद्र. समुद्रात होडी.”

“मग?”

“होडीत माणूस नाय.”

आम्ही वाट बघत राहिलो. पुढं काही नव्हतं. तेवढंच होतं. रात्रभर काकांना डोळा लागला नव्हता. होडी मधोमध समुद्रात, वल्हं आत ठेवलेलं, मग माणूस गेला कुठं? पाण्यात पडला असेल तर त्याला कुणी बघितलं का? मध्येच उठून त्यांनी दिवा लावून बघितलं, कुठं लाटेत डोकं दिसतंय का. काकू म्हणाल्या, “मना झोप लागलेली. यांनीच उठवलं, म्हणतात, तू बघ, तुझी नजर चांगली हाय.” सकाळी काकांनी आणखी दोन खोल्या उघडून घेतल्या. दोन्हीत तीच होडी, तशीच रिकामी. साखळी हॉटेल ना.

पिवळ्यात केळं वाईट, निळ्यात होडी वाईट. इथं काकांची गाडी रुतली ती रुतलीच. पावसाळा गेला. गणपती आले, गेले. निर्मळची जत्रा आली. काकू लेकीसाठी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, घेऊन ठेवायच्या, मग जाणं लांबायचं आणि ती सुकेळी आम्हांला मिळायची. मी त्या वर्षी इतकी सुकेळी खाल्ली की अजून मला ती नकोशी वाटतात. गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. रिक्षावाले विचारायचे, “काका, पिवळं की निळं?” आणि काका रिक्षात न बसताच त्यांना दोन्ही बाजू समजावून सांगायचे. मासे घेऊन येणारी कळंबची मावशी एकदा टोपली न उतरवताच म्हणाली, “दोनी ठिकानी पानी गरम येतं ना? मंग आनखी काय पायजे तुला? बायकोला लेकीकडं न्यायचंय का नुस्ती हाटेलं दाखवायचीत?” काकांनी त्या दिवशी मासे घेतले नाहीत.

दर रविवारी मला त्यांच्या फोनवरून हॉटेलवाल्यांना फोन लावावा लागे. प्रश्न काका सांगायचे. बंगलोरच्या केळ्याचा व्यापारी कोण? बंगलोरची होडीपण रिकामीच आहे का? बादलीचा कान प्लास्टिकचा की लोखंडी? पलीकडचे लोक फार सभ्य. एकानं तर खरंच वर जाऊन बघून येतो म्हणून फोन धरायला लावला आणि परत येऊन सांगितलं की होय, होडीत कोणी नाही.

काकूंना कुणी विचारलंच नव्हतं. एका दुपारी मीच विचारलं, “काकू, तुम्हांला कुठलं आवडलं?” त्या चवळीच्या शेंगा मोडत होत्या. मोडायच्या थांबल्या. “मना काय? जिथनं लेकीचं घर दिसेल, ते हाटेल चांगलं.” काका दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. पुढच्या रविवारच्या प्रश्नांत तोही आला. लेकीचा पत्ता वाचून दाखवून मी विचारलं, तर दोन्हीकडून उत्तर आलं की ती इमारत जवळ आहे, दोन सिग्नल पलीकडं, पण दिसत नाही. मध्ये एक मॉल उभा राहतो आहे.

मी चिडले होते. तोंडावर बोलायची माझी हिंमत नव्हती, पण त्या दिवशी बोललेच. “काका, तुम्हांला जायचंच नाहीये. सरळ सांगा ना काकूंना.”

काकांनी अंगठ्याचं नख पंच्याला पुसलं. मग म्हणाले, “माझी मोठी बहीण आगाशीला दिलेली. माझा बाप तिला भेटायला जायचा, मना घेऊन. घरात शिरायचा नाय. रस्त्यापलीकडं चिंच होती, तिच्याखाली बसायचा, घरून नेलेले पोहे खायचा. बहीण पाण्याचा तांब्या भरून दारात उभी राहायची. बाप घ्यायचा नाय. मग ती तांब्या परत आत न्यायची. मी लहान होतो, मना तहान लागलेली असायची.” ते उठले. “लेकीला तसं दारात उभं करायला जायचं का मी? जाईन तर सगळं बरोबर बघून जाईन.”

पण काय बरोबर बघायचं, ते त्यांनाही कळत नव्हतं. केळं आणि होडी यांच्यात ते शोधत होते बिचारे. त्यांच्यावर मी पुन्हा कधी चिडले नाही.

हे असं कायमचंच चाललं असतं. पण एका सकाळी जावयाचा फोन आला. लेकीला कावीळ झाली होती. आता उतरली आहे, डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, फक्त विश्रांती हवी आणि खाण्यापिण्याचं पथ्य. काकूंनी फोन ठेवला आणि आत जाऊन पिशवी भरली. मुगाची डाळ घेतली, जुने तांदूळ घेतले, तेलाची बाटली घेतली. काका मागं मागं फिरत होते. “अगं, पिवळ्याचं केळं आता सुधारलं असेल, एकदा परत जाऊन—”

काकू वळल्या. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज ओट्याबाहेर गेलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी तो वाडीच्या कुंपणापर्यंत गेला. “तुमी बसा नमुने बघत! मी चालली. रातचं देवळात पडेन, नायतर टेसनावर पडेन, पण दिवसभर माझ्या पोरीच्या उशाशी बसेन. मना हाटेल नको नि होडी नको!”

काकांनी पंचा सोडून धोतर नेसलं. “निळं,” ते मला म्हणाले. “होडी भिंतीकडं तोंड करून ठेवीन.” मी खोली सांगून टाकली, माझ्या नवऱ्यानं तत्काळची तिकिटं काढली, आणि घराची किल्ली आमच्याकडं देऊन दोघं गेले.

दोन दिवसांनी, दिवेलागणीला, त्यांच्या बंद घरातला फोन वाजायला लागला. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून किल्ली घेऊन पळाले.

“कोण, तूच का? बरं झालं,” काका पलीकडून ओरडत होते. “या पोराला जरा सांग.”

“कुठल्या पोराला? काय सांगू?”

“काउंटरवरच्या. लेकीला वर जाऊ देत नाय.”

तुकड्यातुकड्यांत जे कळलं ते असं. सकाळी दोघं लेकीच्या घरी गेले. काकूंनी डबे बघितले, खिडकी बघितली. लेक पांढरीफटक, वाळलेली, तरी उठली आणि ट्रेमध्ये पाण्याचे दोन पेले घेऊन बापासमोर येऊन उभी राहिली. काका त्या पेल्यांकडं बघत राहिले. मग एकदम म्हणाले, “बॅग भर. माहेरी चल.” लेक म्हणाली, “बाबा, निर्मळला? मला एवढा प्रवास झेपायचा नाही.” काका म्हणाले, “निर्मळला कशाला? दोन सिग्नलवर हाय तुझं माहेर. चवथा मजला.” जावयाला रीतसर विचारलं, त्यानं परवानगी दिली, आणि ते लेकीला घेऊन हॉटेलात आले. काउंटरवर तिचं ओळखपत्र मागितलं. त्यावर बंगलोरचा पत्ता. हॉटेलचा नियम असा की त्याच शहरात राहणाऱ्या माणसाला मुक्कामाला ठेवून घ्यायचं नाही.

मी त्या मुलाशी इंग्रजीत बोलायला लागले. ही त्यांची मुलगी आहे म्हणाले. तो म्हणाला, मॅडम, पण पत्ता इथलाच आहे. मागून काकांचा आवाज आला, “तो तिच्या सासरचा पत्ता हाय! सांग त्याला!” मी सांगितलं की तो तिच्या सासरचा पत्ता आहे. मग इथं त्या कशासाठी राहणार, त्यानं विचारलं. मी म्हणाले, कारण हे तिच्या वडिलांचं घर आहे. तो फार नम्रपणे म्हणाला, “मॅडम, हे हॉटेल आहे.”

“चार दिवसांचं भाडं भरलंय ना मी?” काका ओरडले. “मग चार दिवस घर कुणाचं?”

माहेराला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजतागायत माहीत नाही. आईचं घर म्हणाले, विश्रांती म्हणाले, आजार म्हणाले, सगळं थोडं थोडं चुकत होतं. त्या मुलाच्या इंग्रजीला कानडी हेल होता. माझं आजोळ संकेश्वरचं. लहानपणी सुट्टीत कानावर पडलेलं मोडकंतोडकं कानडी मी गोळा केलं आणि बोलून टाकलं, “मगळु तवरु मनेगे बंदिद्दाळे.” मुलगी माहेरी आली आहे.



“तवरु मने?” त्यानं विचारलं. आमच्या हॉटेलात? मी म्हणाले, हो, तुमच्याच हॉटेलात, चौथ्या मजल्यावर. तो कुणाशीतरी कानडीत बोलला, मग तिकडं दोघं-तिघं एकदम बोलायला लागले, कुणीतरी हसलं. फोन परत काकांच्या हातात गेला. “काय सांगितलंस गं त्याला?” काका हळू आवाजात म्हणाले. “तो पोरगा स्वतः उशी घेऊन वर चाललाय.”

त्या चार दिवसांत तिथं काय काय झालं, ते काकू पुढं कित्येक महिने भाजी निवडताना सांगत होत्या. चहाच्या विजेच्या किटलीत त्यांनी मुगाचं कढण शिजवलं. लेकीच्या डोक्याला तेल लावलं. पहिला दिवस लेक नुसती झोपली, आणि काका खुर्ची लावून दाराशी बसले, कुणी घंटी वाजवू नये म्हणून. होडीचं चित्र लेकीनं सरळ केलं. माणूस किनाऱ्यावर जेवायला गेलाय, असं तिनं बापाला सांगितलं आणि काकांना ते पटलं. संध्याकाळी जावई ऑफिसातून यायचा तो दार वाजवून बाहेरच उभा राहायचा. सासुरवाडी पडली ना! मग काका त्याला खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवून फोनवरून इडल्या मागवायचे, आणि स्वतः पलंगाच्या काठावर बसून आग्रह करायचे.

रविवारी तो तिला न्यायला आला. काकूंनी हॉटेलच्या दालनात, काउंटरसमोर, लेकीची ओटी भरली. नारळ भटारखान्यातून आला, तांदूळही त्यांनीच दिले. बॅगा घेऊन उभे असलेले कोट-टायवाले लोक बाजूला सरून बघत होते. लेक आईच्या गळ्यात पडून रडली, काकू रडल्या, तो काउंटरवरचा मुलगा उगीचच चाव्या मोजत बसला. मग लेक सासरी गेली. दोन सिग्नल. इतकं जवळ की रिक्षावाला यायला तयार होत नव्हता. काका रस्त्यावर उभं राहून रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होते आणि ती बराच वेळ दिसत होती, कारण पहिला सिग्नल लाल होता.

दुसऱ्या वर्षी लेकीला मुलगा झाला. बाळंतपण इथंच झालं, बारसं वाडीत झालं, आणि रिवाज सुटला. आता लेकीच्या घरी पाणी चालत होतं, जेवण चालत होतं, महिनाभर मुक्काम केला तरी कुणी नाव ठेवणार नव्हतं. लेक नातवाला घेऊन परत गेली. थोड्या दिवसांनी काका-काकूंचं बंगलोरला जायचं ठरलं, आणि काकांनी मला त्यांच्या घरी बोलावून घेतलं. “निळ्याला फोन लाव. चवथा मजला, मधली खोली.”

मी हसले. “अहो काका, आता कशाला हॉटेल? आता तर तुम्ही खुशाल लेकीच्या घरी राहू शकता.”

“ते हाय गं. जेवू तिच्याकडंच. आमची सोय झाली.” त्यांनी फोन उचलून माझ्या हातात दिला. “पण आम्हीच तिच्या घरात जाऊन राहिलो, तर दमल्यावर तिनं जायचं कुठं?”